जॅझचे वारस आणि जुना तराजू

'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत कालिदासाने पारिपार्श्वकाच्या तोंडी एक प्रश्न घातला आहे. भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारख्या लब्धप्रतिष्ठ कवींची नाटके उपलब्ध असता या हयात कवीच्या कृतीला एवढा मान कशासाठी द्यावयाचा, असा त्याचा रोकडा सवाल आहे. सूत्रधाराने त्यास दिलेले उत्तर संस्कृत शिकलेल्या बहुतेकांच्या जिभेवर असते, म्हणून त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. मौज अशी की, त्या तीन थोर कवींपैकी दोघांचे आज नावच तेवढे उरले आहे, आणि भासाची म्हणून जी नाटके आपण वाचतो तीही विसाव्या शतकाच्या आरंभी गणपतिशास्त्र्यांनी उजेडात आणली तेव्हा आपल्याला मिळाली. नाटके गेली, कवी गेले. पारिपार्श्वकाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. हल्ली त्याचा मुक्काम अमेरिकेतील जॅझ संगीताच्या परीक्षकांकडे आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या रसिकांकडे असतो.

कोणत्याही तरुण सॅक्सोफोनवादकाचे परीक्षण उघडावे. तिसऱ्या-चौथ्या वाक्याशी चार्ली पार्कर किंवा जॉन कोल्ट्रेन हजर झालाच म्हणून समजावे. वाद्य ट्रम्पेट असेल तर लुई आर्मस्ट्राँग, क्लिफर्ड ब्राउन, माइल्स डेव्हिस. गायिका असेल तर बिली हॉलिडे, एला फिट्झजेरल्ड, सारा व्हॉन. ही दैवते आधी यथाविधी स्थापन होतात, त्यांची पूजा होते आणि मग नैवेद्याच्या पानाजवळ घोटाळणाऱ्या मांजरीसारखा तो तरुण वादक आत घेतला जातो. निकाल बहुधा ठरलेला असतो: हात तयार आहे, अभ्यास दांडगा आहे, पण 'ते' नाही. 'ते' म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची तसदी परीक्षक क्वचितच घेतो. आपल्याकडेही मुंबईपुण्याच्या दिवाणखान्यांतून जुन्या तबकड्यांचा उत्तम संग्रह बाळगणारे जे मोजके गृहस्थ आहेत, त्यांचा न्याय याच जातीचा असतो. फरक इतकाच की, त्यांना निकाल लिहून काढावा लागत नाही.

तुलना करूच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याने पूर्वसूरी ऐकले नाहीत त्याला नवे काय हे कळणार नाही, आणि ज्या कलेत वारसा हे भांडवल आहे तेथे हिशेब हा व्हावयाचाच. माझा आक्षेप आहे तो हिशेबाच्या रीतीवर. 'याने काय मिळवले?' असे विचारण्याऐवजी 'हा अमक्याच्या किती जवळ पोहोचला?' असे विचारले जाते, आणि हा प्रश्न इतर कलांत कसाही चालो, जॅझमध्ये तो मुळातच उफराटा आहे. ज्या थोरांच्या नावाने तो विचारला जातो त्यांतील एकही जण त्याला पुरा पडला नसता. एवढेच नव्हे, तर त्यांच्यापैकी अनेकांना त्यांच्या तारुण्यात तो विचारण्यात आला होता आणि ते त्यात नापास झाले होते.

लेस्टर यंगचे उदाहरण या बाबतीत इतके बोलके आहे की, त्यावर थोडे रेंगाळल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३४ साली फ्लेचर हेंडरसन याच्या वाद्यवृंदातून कोलमन हॉकिन्स बाहेर पडला आणि युरोपात गेला. टेनर सॅक्सोफोन हे वाद्य जॅझमध्ये प्रतिष्ठित केले ते हॉकिन्सनेच. त्याचा स्वर भरदार, जाड, कंपाने थरारणारा. स्वरसंगतीचा प्रत्येक जिना तो पायरी न चुकवता चढे. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर हेंडरसनने आणून बसवले यंगला. यंगचा स्वर हलका, कोरडा, जवळजवळ कंपहीन. तो स्वरसंगतीच्या पायऱ्या मोजीत नसे. तिच्यावरून तरंगत जाई. सहकारी वादक लगेच कुरकुरू लागले: हा हॉकिन्ससारखा वाजत नाही! हेंडरसनच्या पत्नीने तर त्यास घरी हॉकिन्सच्या तबकड्या लावून ऐकवण्याचा क्रम धरला. हेतू चांगलाच होता. मुलाने वळण गिरवावे, एवढाच. काही महिन्यांत यंगने ती नोकरी सोडली. १९३६ च्या नोव्हेंबरात काउंट बेसीच्या लहानशा संचाबरोबर शिकागोत त्याने जे ध्वनिमुद्रण केले, त्यातील 'लेडी बी गुड' आणि 'शू शाइन बॉय' या तबकड्या आज जॅझच्या कोणत्याही इतिहासात सुवर्णाक्षरांनी नोंदलेल्या असतात. हेंडरसनच्या संचातील वादक बहिरे नव्हते. त्या काळच्या उत्कृष्ट वादकांतील ते होते. त्यांचे कान चांगले होते, पण ते हॉकिन्सने भरून गेलेले होते, आणि भरलेल्या कानात नवे काही शिरावे कसे?

पुढचा अध्याय आणखी उद्बोधक आहे. १९३७ च्या उन्हाळ्यात कॅन्सस सिटीचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा डोंगराळ भागात नोकरीवर गेला असता यंगच्या तबकड्या बरोबर घेऊन गेला आणि त्या घोटून त्याने पाठ केल्या. आदल्याच वर्षी रेनो क्लबात तो वाजवताना चुकला म्हणून ड्रमवादक जो जोन्स याने झांज त्याच्या पायांशी फेकून त्यास उठवले होते. हा मुलगा म्हणजे चार्ली पार्कर. नापास झालेला यंग हा असा एका पिढीच्या आत पाठ्यपुस्तक झाला, आणि पार्करने ते पाठ करून मिटले; कारण १९४५ च्या नोव्हेंबरात मुद्रित झालेल्या त्याच्या 'को को' मध्ये यंगची नक्कल शोधू जाल तर हाती काही लागणार नाही. त्याच दिवशी मुद्रित झालेल्या दुसऱ्या दोन रचनांची तबकडी बाजारात आली, तेव्हा 'डाउन बीट' या जॅझला वाहिलेल्या मान्यवर नियतकालिकाने १९४६ मध्ये तिची अत्यंत तुच्छतेने संभावना केली. तीतील ट्रम्पेटवादकावर तर डिझी गिलेस्पीचे दोष तेवढे उचलल्याचा आरोप होता. हा दिशा चुकलेला अनामिक पोर म्हणजे एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस होता. याच 'डाउन बीट'ने १९६१ मध्ये कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरवले. पुढल्या वर्षी त्या दोघांना त्याच पृष्ठांतून आपली बाजू मांडावी लागली. आज तरुणांना धाकात ठेवण्यासाठी ज्या मूर्ती मांडल्या जातात, त्यांतील एकीवरही पूर्वी शेण पडले नव्हते असे नाही.

वडीलधाऱ्या कलावंतांनी हा तराजू नेहमीच हाती धरला असेही नाही. ज्याच्या नावाने यंगला छळले तो हॉकिन्स युरोपातून परतला, आणि १९४४ साली गिलेस्पीसारख्या नव्या वादकांना संगती घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केले. थेलोनियस मंकला ज्या दिवसांत कोणी दारात उभे करीत नसे त्या दिवसांत त्याने त्याला आपल्या संचात पियानोवर बसवले. उलट आर्मस्ट्राँगने या नव्यांची जाहीर थट्टा केली. दोघेही थोरच. पण आपल्या परीक्षकांना अनुकरणासाठी आर्मस्ट्राँगचा तेवढा चिडचिडेपणा सापडावा आणि हॉकिन्सचे औदार्य सापडू नये, याला काय म्हणावे?

भूतकाळाच्या भक्तीचे टोक पाहावयाचे असेल तर बंक जॉन्सनची हकीकत पाहावी. १९४० च्या सुमारास काही उत्साही संशोधकांना वाटू लागले की, खरे जॅझ न्यू ऑर्लिन्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभीच वाजून संपले. त्या आद्ययुगाचा महापुरुष बडी बोल्डन. त्याची एकही तबकडी उपलब्ध नाही; १९०७ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ मध्ये तेथेच वारला. ज्याचे वादन कोणी ऐकू शकत नाही त्याच्याएवढा अजिंक्य प्रतिस्पर्धी दुसरा कोण असणार? मग बोल्डनबरोबर वाजवल्याचे सांगणारा बंक जॉन्सन लुइझियानातील न्यू आयबेरिया गावी सापडला. त्याला दात नव्हते. सिडनी बेशेचा दंतवैद्य भाऊ लेनर्ड याने ते बसवून दिले. नवे ट्रम्पेट आले, आणि १९४२ पासून त्याच्या तबकड्या निघू लागल्या. 'हे खरे' म्हणून त्या पार्करच्या पिढीच्या तोंडावर फेकण्यात आल्या. बंकने आपले वय बरेच वाढवून सांगितले असावे, असे पुढील संशोधकांचे मत पडले. पण मला त्याहून अर्थपूर्ण वाटते ते निराळेच. भक्तांना त्याच्याकडून जुनाट बाज हवा होता, आणि बंकला स्वतःला मात्र चालू जमान्याची लोकप्रिय गाणी व सुशिक्षित साथीदार हवे होते. १९४७ च्या अखेरीस, मृत्यूपूर्वी दीड वर्ष, त्यास आपल्या पसंतीचे वादक घेऊन ध्वनिमुद्रण करावयास मिळाले, तेव्हा त्याने न्यू यॉर्कमधील नव्या धाटणीचे वादक निवडले. प्रत्यक्ष भूतकाळच भक्तांचे ऐकेना!

आता या तराजूच्या पारड्यांत काय काय पडते ते पाहू. जुन्या पारड्यात आपण घालतो ती निवडलेली, नव्वद वर्षांच्या चाळणीतून राहिलेली रत्ने. आर्मस्ट्राँगने १९२५ ते १९२८ या काळात शिकागोत 'हॉट फाइव्ह' व 'हॉट सेव्हन' या संचांसह केलेली मुद्रणे आपण ऐकतो. त्याच शहरात त्याच वर्षी दुसऱ्या कोणी जी बेसूर, बेचव मुद्रणे केली ती आपण ऐकत नाही, आणि ती नव्हतीच असे आपल्याला वाटू लागते. नव्या पारड्यात मात्र या महिन्यात निघालेले सर्व काही, बरे-वाईट, पडते. शिवाय जुन्या तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटांची जागा असे. वादकाच्या मनात असो वा नसो, सांगावयाचे ते तेवढ्यात सांगावे लागे. आजच्या वादकाला वेळेचा असा धाक नाही, आणि काटछाट हा गुण धाकावाचून क्वचितच येतो. ही अडचण त्याची आहे खरी. पण ती प्रतिभेची उणीव नव्हे.

याहून मोठा अन्याय आपल्या कानांचा आहे. 'वेस्ट एंड ब्लूज'च्या आरंभी आर्मस्ट्राँग एकटाच ट्रम्पेट घेऊन जी झेप घेतो ती ज्याला आवडते त्याने ती शेकडो वेळा ऐकलेली असते. तिच्यातला प्रत्येक श्वास त्याच्या आठवणींशी विणला गेलेला असतो: कॉलेजातली खोली, उसना ग्रामोफोन, गेलेला मित्र. हाच मनुष्य इमॅन्युएल विल्किन्सची २०२० मधील 'ओमेगा' एकदा, तीही चहा घेता घेता ऐकतो आणि 'मनात राहत नाही' म्हणतो. मनात राहावयाला मुक्कामाची परवानगी दिली होती काय? माझी एक साधी अट आहे. नव्या तबकडीवर मत देणाराने ती निदान दहा वेळा ऐकावी, आणि दहाव्या वेळीही नावडली तर खुशाल नावडती म्हणावे. ज्या वर्गात मी कविता शिकवीत आलो तेथेही मुलांना हेच सांगतो, आणि तेथेही ते फारसे कोणी ऐकत नाही.

बरे, साम्य हीच कसोटी धरावयाची तर तिचा शेवट कोठे होतो? माइल्स डेव्हिसचे 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ च्या मार्च-एप्रिलमध्ये मुद्रित झाले. २०१४ साली अमेरिकेतील एका खट्याळ संचाने 'ब्लू' या नावाने त्याची स्वरास-स्वर प्रतिकृती काढली: डेव्हिसचा प्रत्येक उसासा, कोल्ट्रेनचा प्रत्येक ओघ, पियानोची प्रत्येक थबक. सोबतच्या टिपणाऐवजी बोर्हेसची ती 'डॉन किहोटे' शब्दशः पुन्हा लिहू पाहणाऱ्या लेखकाची कथा छापली होती. विनोद कोणावर आहे ते उघड होते. पूर्वसूरींच्या जवळ पोहोचणे हेच ध्येय असेल तर अलीकडची सर्वश्रेष्ठ तबकडी हीच ठरावयास हवी! आणि तरीही जुन्याच्या अभिमान्यांपैकी कोणीही तिला तसे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. उलट ती पाहून ते चिडले. यावरून दिसते की, त्यांना साम्यही नको आहे. मग हवे काय? माझ्या मते, त्यांना हवे आहे आपले वय परत. ते मात्र कोणताही वादक देऊ शकत नाही. याच्या उलट रुद्रेश महंतप्पाची २०१५ मधील 'बर्ड कॉल्स' पाहावी. पार्करच्या वाक्यांचे तुकडे घेऊन त्याने त्यांतून इतक्या निराळ्या रचना उभ्या केल्या आहेत की, सांगितल्याशिवाय मूळ ओळखू येऊ नये. कर्जाऊ घेतलेले बी त्याने पेरले. पहिल्यांनी ते काचेत मांडून दाखवले. वारसा या शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, आणि परीक्षकाने आपल्याला कोणता अभिप्रेत आहे हे एकदा सांगून टाकावे.

काचेतल्या मांडणीला सत्तेचे पाठबळ मिळाले म्हणजे काय होते हेही आपण पाहिले आहे. केन बर्न्सने 'जॅझ' हा दहा भागांचा बोधपट केला आणि तो २००१ च्या जानेवारीत अमेरिकेत घरोघर दिसला. त्यातील नऊ भाग १९६० च्या आसपास येऊन ठेपतात. पुढची चार दशके एकाच भागात आटोपतात. त्यात परंपरेच्या बाजूने सर्वांत अधिकारवाणीने बोलतो तो विंटन मार्सालिस. त्याच्या वादनाविषयी आणि जॅझच्या शिक्षणासाठी त्याने केलेल्या कामाविषयी मला आदर आहे. पण १९८० च्या दशकात तो पुढे आला तेव्हा डेव्हिसच्या जुन्या संचाची छाया म्हणून त्यालाच तराजूत घातले गेले होते, आणि १९८६ मध्ये व्हँकूवरच्या महोत्सवात तो न बोलावता डेव्हिसच्या मंचावर चढला, तेव्हा डेव्हिसने वादन थांबवून त्यास खाली उतरवले. ज्याच्या जुन्या वादनाची पूजा बांधावी त्याच्या नव्या वादनाची निंदा करावी, आणि तो समोर उभा राहिला म्हणजे नवल वाटावे, असा हा प्रकार.

हा रोग आपल्याही दारी येऊन गेला आहे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांचे कृष्णवर्णीय अमेरिकन संच वाजत, आणि त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. त्यांत आल्दोण्याचा आंतोनियो झेव्हियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, अग्रगण्य. त्यास 'मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. गौरवच तो, पण त्या गौरवाखाली मनुष्य गुदमरला. चितळकर रामचंद्रांच्या १९५१ मधील 'अलबेला'तील ज्या ठेक्यांवर महाराष्ट्र डोलला त्यांत त्याचा हात होता. पण त्याचा स्वतःचा स्वर कसा होता, कोकणी गाण्याचे वळण त्याच्या ट्रम्पेटात कोठे उतरले, हे विचारण्याची कोणाला गरज भासली नाही. आर्मस्ट्राँग म्हटले की काम भागले. १९६७ मध्ये तो गेला, आणि आता ते विचारावे कोणाला?

येथे प्रतिपक्ष म्हणेल, मग काय नव्या पिढीचे सर्वच गोड मानावयाचे? मुळीच नव्हे. नव्याचा जयजयकार करणारेही त्याच तराजूची दुसरी दांडी धरून उभे असतात. २०१५ मध्ये कमासी वॉशिंग्टनची 'द एपिक' ही तीन तबकड्यांची, सुमारे तीन तासांची कृती निघाली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे जॅझ ऐकले नव्हते त्यांनीही कोल्ट्रेनचा वारस अवतरल्याची दवंडी पिटली. त्या कृतीत जोम आहे, औदार्य आहे. आणि एका तबकडीत मावले असते त्याला तीन लागल्या आहेत. हे तिच्याविषयी सरळ सांगता येते. त्याला कोल्ट्रेनची गरज नाही. कोल्ट्रेनला मध्ये आणल्यामुळेच स्तुती करणारांना ती सैल वाटली नाही, आणि निंदा करणारांना तिच्यातला जोम दिसला नाही.

उणीव शोधावयाचीच असेल तर ती खरी जेथे आहे तेथे शोधावी. पार्कर ज्या कॅन्सस सिटीत वाढला तेथे पेंडरगास्ट नावाच्या भ्रष्ट पुढाऱ्याच्या छत्राखाली क्लब रात्रभर उघडे असत आणि पोरांना पहाटेपर्यंत थोरांशी झुंजावयास मिळे. १९३९ मध्ये तो पुढारी तुरुंगात गेला, शहर सुधारले आणि ते विद्यापीठ मोडले. पुढे आर्ट ब्लेकीच्या संचासारख्या फिरत्या पाठशाळा होत्या. ब्लेकी १९९० मध्ये वारला. आज मुले पदव्या घेऊन बाहेर पडतात. स्वरसंगतीचे त्यांचे ज्ञान पूर्वीच्या कित्येकांहून अधिक असते, पण न ऐकणाऱ्या, पिणाऱ्या, बडबडणाऱ्या गर्दीसमोर रोज रात्री वाजवून जी धिटाई अंगी येते ती अभ्यासक्रमात मिळत नाही. काहींच्या वादनात ते जाणवतेही. पण हा त्यांचा गुन्हा नव्हे. ज्या परीक्षकांना जुने दिवस इतके प्रिय आहेत त्यांनी आठवड्यातून एकदा तिकीट काढून एखाद्या लहान क्लबात जाऊन बसावे. घरी बसून तबकड्यांची धूळ पुसण्यापेक्षा ते अधिक उपकारक होईल.

स्पर्धांचेच पाहा ना. १९८७ पासून मंकच्या नावाने तरुणांची स्पर्धा घेण्याची प्रथा पडली. २०१९ पासून ती संस्था हर्बी हँकॉकच्या नावाने ओळखली जाते. ज्या मंकची अडखळती, कोनेदार बोटे पाहून त्याला पियानो येत नाही असे कित्येक जण म्हणत, तो त्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीतून तरी पार पडला असता काय, हा विचार परीक्षकांच्या मनात कधी येतच नसेल असे मला वाटत नाही. सारा व्हॉनच्या नावानेही गायकांची अशीच एक स्पर्धा आहे. म्हणजे तराजू आता दारावरच टांगलेला.

मंकच्या स्पर्धेत २०१० मध्ये सेसिल मक्लोरिन साल्व्हां ही गायिका पहिली आली, आणि तेव्हापासून तिच्या आवाजात सारा व्हॉन किती, बिली हॉलिडे किती, हे मोजण्याचे काम अव्याहत चालू आहे. तिने काय केले? २०१३ मधील 'वुमनचाइल्ड' या संग्रहात तिने बर्ट विल्यम्सचे 'नोबडी' गाईले आणि व्हॅलाइडा स्नोचे एक जुने, वंशद्वेषाच्या विषाने भरलेले गाणे असे गाईले की, ते विष लिहिणाऱ्याच्याच अंगावर उलटावे. परीक्षक जेथवर मागे जातात त्याच्याही मागे ती गेली, आणि तेथून तिने जे आणले ते सारा व्हॉनकडे नव्हते. विल्यम्सने ते गाणे ध्वनिमुद्रित केले तेव्हा सारा व्हॉन जन्मलेलीही नव्हती. साल्व्हांला व्हॉनच्या पारड्यात घालणारांपैकी किती जणांनी त्याची ती तबकडी ऐकली आहे, हे विचारून पाहावे.